न सांगितलेलं सूतक

बायुसारी गावात मेन रस्मिनीला तिच्या स्वतःच्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. तिथे पहिलं मूल झालं की बाईचं नाव मागे पडतं आणि ती त्या मुलाची आई म्हणून ओळखली जाते. रस्मिनीची आई, म्हणून मेन रस्मिनी. याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. लग्नानंतर कितीतरी वर्षं तिची कूस उजवली नव्हती, तेव्हा झऱ्यावर आंघोळीला गेलं की बायका तिला नुसतं ‘ए’ म्हणून हाक मारायच्या. ते ‘ए’ तिच्या कानात कायमचं बसलं होतं. रस्मिनी झाली आणि त्यातून तिची सुटका झाली.

पोर शाळेत जायला लागली तोच नवरा नारळाच्या झाडावरून पडून गेला. सासू त्यानंतर फार दिवस जगली नाही, पण जाताना एवढं सांगून गेली, “बाकी काय करायचं ते कर, कोठार रिकामं ठेवू नकोस.” अंगणातलं ते चार खांबांवरचं, गवती छपराचं भाताचं कोठार मेन रस्मिनीनं कधी रिकामं होऊ दिलं नाही. गावानं हळूहळू बुटकं, लवकर पिकणारं भात लावायला सुरुवात केली. शेतात उभं असतानाच ते व्यापाऱ्याला विकायचं आणि मोकळं व्हायचं. कोठारं पाडून कुणी गाड्यांसाठी शेड बांधली, कुणी एक कोठार हॉटेलवाल्याला विकून टाकलं. म्हणे तिथे आता त्यात लोक झोपतात. मेन रस्मिनी मात्र छातीपर्यंत वाढणारं जुनं लाल भात लावत राहिली. मुठीत लपेल एवढ्या पात्यानं एकेक लोंबी कापत राहिली, पेंढ्या बांधून कोठारात चढवत राहिली.

“हिचं भात पिकेपर्यंत आमची नातवंडं लग्नाला येतील,” शेजारची मेन तिर्ती म्हणायची.

“तुझ्या नातवंडांच्या लग्नात भात माझाच शिजेल. तुझ्याकडे पोत्यात असेल काय?” मेन रस्मिनी उलट ऐकवायची.

एकुलती एक मुलगी, म्हणून रस्मिनीला नवरा घरजावई बघितला. त्या भागात त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. कादेक वीरनाता गरीब स्वभावाचा, हसरा, कामाला वाघ. पण शेत एवढंसं आणि माणसं तीन. दोघंही दक्षिणेला, समुद्राकाठच्या हॉटेलांत स्वयंपाकघरात कामाला लागले. आठवड्यातून एकदा स्कूटरवरून घाट चढून घरी यायचे. ज्या दिवशी यायचे त्या दिवशी मेन रस्मिनी दुपारपासून रस्त्याच्या वळणाकडे बघत बसायची. घाटात धुकं असलं की तिचा जीव खालीवर व्हायचा. येणारी प्रत्येक स्कूटर तिला आधी मुलीची वाटायची आणि मग परकी निघायची.

अशात पुतु अंतरी गावात परत आली. न्योमान सद्राची ही पुतणी शहरात पर्यटनाचं शिक्षण घेऊन आली होती. हा सद्रा सुबाकचा, म्हणजे पाटाचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळाचा प्रमुख. अंतरीनं गावच्या सभामंडपात सगळ्यांना बसवून सांगितलं की पाहुणे आता नुसते देखावे बघायला येत नाहीत, त्यांना शेतात उतरायचं असतं, आपलं जेवण आपल्यासारखं खायचं असतं.

“म्हणजे मी केलेलं?” मेन तिर्तीनं विचारलं. “माझा नवरा तीस वर्षं खातोय, अजून त्यानं फोटो काढला नाही.”

मंडप हसला. पण अंतरी चिकाटीची होती. सगळी घरं फिरून शेवटी ती मेन रस्मिनीच्या अंगणात उभी राहिली आणि कोठाराकडे बघत, आईला हाक मारावी तशी म्हणाली, “मेमे, हे खरंच भरलेलं आहे?”

“नाहीतर काय दाखवायला ठेवलंय?”

“तेच तर दाखवायचंय.”

रस्मिनी त्याच महिन्यात हॉटेल सोडून घरी आली. पाहुण्यांसाठी काय शिजवायचं हे तिनंच ठरवलं. पानात गुंडाळून चुलीवर तासन्‌तास उकडलेला लाल तांदळाचा एंतिल, कोवळ्या फणसाची भाजी, वर कच्च्या कांदा-मिरचीचा ठेचा. हॉटेलात ती परक्यांचं जेवण रांधत होती, इथे आजीचं रांधू लागली. पाहुणे बांधांवरून घसरत यायचे, चिखलाचे पाय धुऊन कोठाराखालच्या ओट्यावर बसायचे आणि केळीच्या पानावर जेवायचे. वीरनाता तेवढ्यात एका प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात लागला होता. “हा एकच करार,” तो फोनवर म्हणायचा, “तोवर तुमचं अंगण चालायला लागलं की मी आलोच.” अंगण चालायला हवं होतं. ते चाललं तर मुलगी आणि जावई घरात राहणार होते, नाहीतर पुन्हा तो घाट. मेन रस्मिनी झोपेतसुद्धा हेच घोकत असावी.

आणि मग रस्मिनीला दिवस गेले. जहाजावर जाण्यापूर्वी वीरनाता घरी होता, तेव्हाचं. इतक्या वर्षांनी. पोटातल्या बाळाचा विधी सहाव्या महिन्यात होतो, तोवर कुणी उघड बोलत नाही. बायका बघतात, ओळखतात, गप्प राहतात. मेन रस्मिनीनं पाण्याच्या घागरी स्वतःकडे घेतल्या, मुलीला मोरीत एकटीला जाऊ देईना, रात्री उठून तिचा श्वास ऐकू लागली.

“मेमे, मी काचेची नाही,” रस्मिनी म्हणायची.

“नाहीस. तरी बस.”

पाचवा महिना लागला तेव्हा अंतरी धावत आली. शहरातल्या एका मोठ्या प्रवासी कंपनीची माणसं गाव बघायला येणार होती. त्यांना पसंत पडलं तर दर आठवड्याला पाहुणे. आणि दिवसही कसा, तर कापणी सुरू करायला पंचांगानं दिलेला. म्हणजे त्यांना नीनी बघायला मिळणार होती. पहिल्या कापलेल्या लोंब्यांची जुडी बांधतात, तिला पिवळं वस्त्र नेसवतात, चाफा खोवतात. ती नीनी, भाताची आई, साक्षात देवी श्री. तिला डोक्यावरून आणून कोठारात सगळ्यांत वर बसवायचं. त्या खाचरांतली नीनी वर्षानुवर्षं मेन रस्मिनीच बांधत होती.

आदल्या दिवशी भल्या पहाटे रस्मिनी पानं पुसत बसली होती. ती एकदम उठली आणि खांबाला धरून उभी राहिली. मेन रस्मिनीनं तिच्याकडे बघितलं आणि तिला काही विचारावं लागलं नाही.

खालच्या गावातल्या सुईणीनं जे करता येण्यासारखं होतं ते केलं. ती जावाहून आलेली होती, तिला बायुसारीत कुणाशी देणंघेणं नव्हतं. तिनं गोळ्या दिल्या, विश्रांती घ्यायला सांगितली आणि पांढऱ्या कापडातलं गाठोडं मेन रस्मिनीच्या हातात ठेवलं. ते एवढं हलकं होतं की तिला दोन्ही हात लावायला लाज वाटली, आणि एका हातात धरायलाही.

घरी आल्यावर रस्मिनी भिंतीकडे तोंड करून पडली. तशीच ती म्हणाली, “मेमे, सद्राकाकांना कळवायला हवं. घराला सूतक आहे.”

मेन रस्मिनीला हे माहीत नव्हतं असं नाही. असं झालं की घराला एक महिना आणि वर सात दिवस पाळावं लागतं. देवळाची पायरी चढायची नाही, नैवेद्याला हात लावायचा नाही, कोठाराची शिडी चढायची नाही. नीनी बांधायचं तर नावच नको.

“उद्याचा दिवस जाऊ दे,” ती म्हणाली. “उद्या ती माणसं येऊन जाऊ देत. मग सांगू.”

“मग काय सांगणार?”

“सांगू काहीतरी. अगं, कुणाला माहीत तरी कुठे होतं?”

“मला माहीत होतं,” रस्मिनी म्हणाली.

मेन रस्मिनी तिथे थांबली नाही. भर दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, ती विळा आणि गाठोडं घेऊन गावाबाहेर मसणवटीत गेली. तिथे लहान मुलांचा एक कोपरा आहे. दात न आलेली पोरं तिथेच ठेवतात, वर पांढरा धोंडा असतो, आणि खड्डा खणायला बंजारचे, म्हणजे वाडीचे, पुरुष येतात, बायका फुलं घेऊन येतात. ती एकटीच होती. तिनं विळ्यानं माती उकरली, गाठोडं ठेवलं, माती ओढली. धोंडा ठेवला नाही. नवा धोंडा कुणाच्याही नजरेत आला असता. उलट तिनं बाजूचं गवत मुळासकट उपटून वर लावलं आणि पावलांनी दाबलं. मग घाईघाईनं परतली, चुलीवर एंतिल ठेवायचा होता.

दुसऱ्या दिवशी ऊन छान पडलं. अंतरीनं केसांत फुलं माळली होती. बायका खाचरात उतरल्या, मेन रस्मिनीनं पहिली लोंबी कापली. हात सवयीनं चालत होते, पण प्रार्थना म्हणताना ती नुसते ओठ हलवत होती, आवाज काढत नव्हती. आवाज काढला तर देवीला कळेल अशी काहीतरी वेडी भीती तिला वाटत होती.

“आज काय झालंय तुला?” मेन तिर्ती तिच्या कानाशी म्हणाली. “कॅमेऱ्याला लाजतेस? ह्या वयात?”

“ऊन आहे.”

“ऊन तर रोजच असतं.” मेन तिर्तीनं तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि पुन्हा वाकली.

अंगणात रस्मिनी एंतिलच्या पानगाठी सोडत होती. आईनं तिला चांगलं सारोंग नेसवलं होतं, पट्टा घट्ट आवळला होता. चेहऱ्यावर रक्त नव्हतं. कंपनीच्या माणसांत एक वयस्कर बाई होत्या, मायाळू वाटणाऱ्या. त्यांनी रस्मिनीच्या हातचा घास घेतला, डोळे मिटले, मग अंतरीकडे वळून काहीतरी विचारलं.

“त्या म्हणतात, हे तुम्ही तुमच्या मुलांनाही शिकवणार ना? मुलं किती तुम्हाला?” अंतरीनं हसत सांगितलं.

रस्मिनीनं तोंड उघडलं. ती काय बोलणार होती ते कुणालाच कधी कळलं नाही, कारण मेन रस्मिनी मध्येच हसून बोलून गेली, “अजून नाही हो. होतील.”

रस्मिनीनं हातातलं पान खाली ठेवलं. ती उठली, अंगण ओलांडून दाराबाहेर गेली आणि पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून बसली. पाहुण्यांना वाटलं दमली असेल.

मग नीनी. मेन रस्मिनीनं ती डोक्यावर घेतली आणि शिडी चढली. खाली सगळे गप्प झाले, अंतरीनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की कोठारात गेल्यावर बोलत नाहीत. आत जुन्या भाताचा उबदार वास होता. तिनं पिवळ्या वस्त्रातली ती आई पेंढ्यांवर बसवली. माफी मागावी असं तिला फार वाटलं. पण तिथे बोलायचं नसतं. ती तशीच खाली उतरली, आणि खाली टाळ्या वाजल्या.

कंपनीला सगळं पसंत पडलं. अंतरीनं मेन रस्मिनीला मिठी मारली, “मेमे, पहिला गट चारच दिवसांत येतोय!”

म्हणून मग सद्राला सांगणंही राहून गेलं. हा पहिला गट जाऊ दे, असं मेन रस्मिनी मनाशी म्हणाली. रस्मिनीला मात्र ती काही म्हणाली नाही, कारण रस्मिनी बोलतच नव्हती. तिनं अंगणातल्या देवघराकडे जाणं सोडलं होतं. देवाला वाहायच्या फुलांसाठी रोजच्या पानांच्या परड्या ती विणत नव्हती. विचारलं की मान हलवायची, सांगितलं ते काम करायची. आपल्यापुरतं सूतक ती एकटी पाळत होती, आणि आई शेजारीच बसून नैवेद्य दाखवत होती.

गट यायच्या दिवशी पहाटे दोघी चुलीपाशी बसल्या होत्या. रस्मिनी पानात तांदूळ भरत होती. मेन रस्मिनीनं सहज वर बघितलं. मुलीच्या ब्लाऊजवर छातीशी दोन ओले डाग पडले होते. आधी तिला वाटलं पाणी उडालं. मग डाग पसरले. रस्मिनीनं खाली बघितलं, पुन्हा आईकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लहानपणी गुडघा फुटल्यावर ती जशी आईकडे बघायची, आता काय करायचं म्हणून, तसं बघितलं.

मेन रस्मिनीनं चुलीतली लाकडं बाहेर ओढली, त्यांवर पाणी ओतलं. धूर झाला. ती तशीच धुरातून उठून सद्राच्या घरी गेली.

सद्रा कोंबड्यांना दाणे टाकत होता. दोघं एकमेकांना म्बोक आणि ब्ली, म्हणजे ताई आणि दादा, म्हणत. “ये म्बोक. एवढ्या सकाळी?”

“ब्ली, माझ्या घराला सूतक आहे,” ती म्हणाली. “कापणीच्या आदल्या दिवसापासून.”

सद्राचा हात थांबला. “रस्मिनी?”

तिनं मान डोलावली.

“आणि नीनी?”

“मीच ठेवली आत.”

“पाहुण्यांना जेवण?”

“वाढलं.”

सद्रानं वाटीतले दाणे एकदम सगळे टाकून दिले. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “घरी जा. पोरीला एकटी सोडू नकोस. पुढचं आम्ही बघतो.”

पुढचं म्हणजे कापणी थांबली, पुजाऱ्याला बोलावणं गेलं, नीनी कोठारातून उतरवली, खाचरांपासून कोठारापर्यंत सगळ्याची शुद्धी करायची ठरली. आलेल्या गटाला अंतरीनं दुसरीकडे नेलं, मग पुढचे गट मेन तिर्तीच्या अंगणात जाऊ लागले. तिथे कोठार नव्हतं, पण पाहुण्यांना त्यानं फरक पडला नाही.

अंतरी दारात येऊन रडली. “मेमे, मला तरी सांगायचं होतं! मी दिवस बदलून मागितला असता.”

“त्यांनी ऐकलं असतं?”

“माहीत नाही. विचारलं तरी असतं ना.”

सद्राला सांगितलं त्याच संध्याकाळी बायका आल्या. कॉफी, साखर, तांदूळ घेऊन, जशा मयताच्या घरी येतात तशा. मेन रस्मिनीला वाटत होतं टोमणे ऐकावे लागतील. पण तसं झालं नाही. सगळ्या रस्मिनीभोवती बसल्या. कुणी तिचे पाय चेपले, कुणी छातीला बांधायला ठेचलेला पाला आणला होता. एकीनं स्वतःचं असंच गेलेलं पोर सांगितलं, मग दुसरीनं.

“आम्हाला दिसत होतं गं,” मेन तिर्ती रस्मिनीचे केस मागे सारत म्हणाली. “पोट दिसत होतं, मग दिसेनासं झालं. तुझी आई सांगेल म्हणून थांबलो होतो. ज्या घरानं सांगितलं नाही, तिथे रडायला कसं यायचं?”

तेव्हा रस्मिनी पहिल्यांदा रडली, मेन तिर्तीच्या मांडीत तोंड खुपसून. मेन रस्मिनी चुलीपाशी पाणी तापवत राहिली. आपण जावं की नाही, हे तिला ठरवता येईना.

सूतकाचे दिवस घरात बसून गेले. तिचं भात दुसऱ्यांनी कापलं. वीरनाताचा फोन यायचा, रस्मिनी मागच्या अंगणात जाऊन बोलायची. एकदा आईला म्हणाली, “त्यानं करार वाढवलाय.” एवढंच. तिच्या जुन्या हॉटेलातून परत बोलावणं आलं होतं, तेही तिनं लपवलं नाही.

सूतक फिटल्यावर सद्रा आला. न जन्मलेल्या जिवासाठी समुद्राकाठी विधी करायचा होता. “तिथली चिमूटभर माती लागेल,” तो म्हणाला. “कुठे ठेवलंय ते तुलाच माहीत, म्बोक.”

मायलेकी दोघीच गेल्या. मसणवटीत मधल्या काळात गावानं साफसफाई केली होती. पुरून ठेवलेल्या मोठ्या माणसांच्या सामूहिक दहनाचा सोहळा जवळ आला होता, म्हणून पुरुषांनी गवत पार मातीलगत कापलं होतं. लहान मुलांच्या कोपऱ्यात पांढरे धोंडे तेवढे ओळीनं उभे होते. मधली सगळी जमीन एकसारखी.

“इथे,” मेन रस्मिनी म्हणाली आणि चार पावलं गेली. “नाही. त्या चाफ्याच्या जरा अलीकडे.” ती खाली बसली, तळव्यांनी जमीन चाचपू लागली, कुठे भुसभुशीत लागतेय का बघू लागली. त्या दिवशी तिनं इतकी नीट दाबली होती. “इथेच असेल. नाहीतर इथे.”

“मेमे, नीट आठव.”

“आठवतेय गं, आठवतेय.”

तिला आठवत होती ती फक्त घाई. विळ्याचा आवाज आणि चुलीची काळजी.

रस्मिनीनं कमरेला खोचलेलं पान काढलं. मग आईचा हात जिथे जिथे थांबला होता त्या प्रत्येक ठिकाणी ती वाकली आणि चिमूट चिमूट माती उचलून पानात घेतली. पान दुमडलं. ते तिनं आईजवळ दिलं नाही.

“चल,” मेन रस्मिनी म्हणाली.

“तू हो पुढे. मी बसते जरा.”

“एकटी?”

रस्मिनीनं पानाची घडी मांडीवर ठेवली. ती कापलेल्या गवतावर बसली होती, नेमकं कुठे बसावं हे न कळून जरा मध्यावरच. मेन रस्मिनी निघाली. वळणावर येऊन थांबली आणि तिथूनच, मुलीला दिसणार नाही अशी, तिच्याकडे बघत उभी राहिली.